लेग डे हप्त्यातून एकदाच काहून?

शनिवारी संध्याकाळी छोटू लक्ष्मीनगरच्या कट्ट्यावर आला तो दोन्ही हात कोपरात वाकवूनच. हेल्मेट काढायला हात वर जाईना, शेवटी पट्टा मी सोडला. पोरगा जिमला लागून जेमतेम पाच दिवस झालेले, आणि आदल्या दिवशी ट्रेनरने बायसेप्सचे १६ सेट (एका दमात सलग वजन उचलायचं, तो एक सेट) मारून घेतले होते.

"आता याचा नंबर पुढच्या शुक्रवारी," छोटू म्हणाला.

आमच्यातल्या फिजिओथेरपिस्टने, म्हणजे फिजिओने, आधी विचारलं, "लघवीचा रंग काळ्या चहासारखा तर नाही ना झाला? तसं झालं तर थेट डॉक्टरकडे जायचं, किडनीवर येतं." तसं काही नव्हतं. पण मला राग आला तो आलाच.

"रागावून काय राहिला बे?" जुना जिमवाला म्हणाला. "एक दिवस एक मसल, पूर्ण तोडायचा, मग हप्ताभर आराम. मी सहा वर्षांपासून करून राहिलो."

"तू सहा वर्षांपासून. हा पाच दिवसांपासून!"

माझं म्हणणं साधं आहे. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि नसा वजन उचलायला शिकतात म्हणून; स्नायू मागाहून भरतो. शिकायचं तर हात फिरत राहिला पाहिजे. लेग डे, म्हणजे पायांच्या व्यायामाचा दिवस, हप्त्यातून एकदा धरला तर महिन्यात स्क्वॉटशी, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारायच्या बैठकीशी, गाठ चारदा. एखादं लग्न आलं की तीनदा. तेच सोम-बुध-शुक्र पूर्ण अंगाचा व्यायाम केला तर बारा वेळा.

पहेलवान दादा महाल भागातल्या आखाड्यात वाढलेले. "आम्ही तर रोज दंड-बैठका मारत होतो. आज छातीचा वार, उद्या पायाचा, असं कोणी सांगितलं नाही."

"दादा, ते अंगाचं वजन. इथं लोखंडी बारवर वजन चढवून राहिलो ना," जिमवाला म्हणाला. तेही बरोबर. जड वजनानंतर मधे एक दिवस मोकळा हवाच.

पण सहा दिवस? फिजिओने १९९७ चा एक प्रयोग सांगितला. व्यायामाची सवय नसलेल्यांमध्ये जोरदार सेशननंतर स्नायूत प्रथिनं बनण्याचा वेग तीन तासांनी दुपटीच्या वर गेला होता, आणि ४८ तासांनी ३४ टक्केच जास्त उरला होता. म्हणजे शुक्रवारचं काम रविवारपर्यंत बरंचसं ओसरतं, आणि छोटू पुढच्या शुक्रवारची वाट पाहून राहिला!

जिमवाल्याकडेही पुरावा होता. "२०१९ मधे बऱ्याच प्रयोगांचा एक आढावा आला, त्यात आहे, हप्त्याचे एकूण सेट सारखे असले तर किती दिवसांत वाटले यानं फारसा फरक पडत नाही."

हे खरं आहे आणि मी ते मानतो. पण नवख्याचे एका दिवशी बारा सेट नीट होतात कुठे? सहाव्यापासून पाठ वाकते, कोपरं पसरतात, उरलेले नुसते ओढलेले. तेच चार-चार करून तीन दिवसांत वाटले की प्रत्येक सेट ताज्या अंगाचा. जिमवाला यावर काही बोलला नाही, चहा सांगायला उठला.

तोवर दादांनी छोटूला फुटपाथवर उभं करून बैठक मारायला लावली. पहिल्या बैठकीत टाचा उचलल्या. दुसरीत गुडघे आत आले. तिसऱ्या वेळी दादांनी गुडघ्यांना बाहेरून हात लावला अन् तो सरळ खाली गेला, सरळ वर आला.

"सोमवारी किती वजन लावू?" छोटूने विचारलं.

"रिकामा बार," मी म्हणालो. "२० किलो. आणि बुधवारी परत."