हृदय थांबलं तर काय करायचं, हे बाबांनाच विचारलं

गेल्या वर्षी बाबा इकडे न्यू जर्सीला आले होते तेव्हा निमोनिया होऊन अॅडमिट झाले, आणि पहिल्याच रात्री एक तरुण डॉक्टरीण फोनवर मराठी दुभाषी जोडून सरळ त्यांनाच विचारते, तुमचं हृदय थांबलं तर छाती दाबायची का, मशीनवर ठेवायचं का. आईचा चेहरा बघण्यासारखा झाला, वास्तू तथास्तु म्हणते ना! मीही चिडले, कारण मी सांगते मराठीत म्हटलं तर नको म्हणाली, घरचे गाळून सांगतात म्हणे. (गाळलंच असतं मी.) इथे १९९० च्या कायद्याने अॅडमिट करताना, तुमची इच्छा आधी लिहून ठेवलीय का, हे विचारावंच लागतं.

बाबा शांतपणे म्हणाले, "छाती दाबा, पण महिनाभर नळ्यांवर ठेवू नका." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच सुमारास सांगलीच्या मावशीला स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. फॅमिली ग्रुपवर ठरलं, तिला फक्त "गाठ आहे" सांगायचं. मावसभावाने केबिनमध्ये डॉक्टरांना तसं सांगितलं, ते मान हलवून मोकळे. मी बोलले तर, तुमच्या अमेरिकेत चालतं, इथे माणूस ऐकूनच खचतो. अरे पण मावशी रिटायर्ड शिक्षिका आहे, केमोच्या वॉर्डबाहेरची पाटी वाचता येते तिला!

आता इथलंही सगळं भारी आहे असं नाही हं. २०२१ पासून रिपोर्ट आला की लगेच हॉस्पिटलच्या पोर्टलवर, म्हणजे पेशंटच्या ऑनलाइन खात्यात, दिसायला लागतो, माझ्या मैत्रिणीने बायॉप्सीचा रिपोर्ट डॉक्टरांचा फोन यायच्या आधीच ग्रोसरीच्या रांगेत वाचला. आणि घरी मारहाण वगैरे होत नाही ना हे कळावं म्हणून असलेला "घरी सेफ वाटतं का?" हा प्रश्न कीबोर्डवर टाइप करत, मान वर न करता विचारला तर कोण खरं सांगणार?

वाईट बातमी कशी सांगायची याची स्पाइक्स नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली छापून आली, त्यात निदान सांगायच्या आधीची एक पायरी म्हणजे पेशंटलाच विचारायचं, तुम्हाला किती सांगू, सगळं की मोजकं, की मुलाशी बोलू? मावशी कदाचित "मुलाशी बोला" म्हणाली असती, पण तिला विचारलं कुणी?

आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये लिव्हिंग विल, म्हणजे आपल्याला बोलता येणार नाही तेव्हा कुठले उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणं, मान्य केलं, २०२३ मध्ये सोपंही केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरतो. बाबा पुण्याला परतल्यावर गेले तर नोटरी विचारतो, प्रॉपर्टी कुठली? हे मृत्युपत्र नाही हे समजवण्यात अर्धा तास गेला, आई तोवर खाली रिक्षातच बसून होती.