नावात पत्ता लिहिणं म्हणजे स्पॅम का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली आणि खाली दोन ओळी टाकून मोकळं व्हावं असं वाटलं नाही म्हणून वेगळंच लिहायला घेतलं. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. जुगाराची सवय सोडू बघणाऱ्यांसाठी आम्ही काहीजण मिळून एक साइट चालवतो, तिचा पत्ता आम्ही वायफायच्या नावात आणि गेममधल्या निकनेममध्ये ठेवतो, स्वतःचं नाव कुठेच न देता, आणि हे कसं करतो ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की हा सरळ सरळ स्पॅम आहे, बेटिंगवालेही हेच करतात, काम चांगलं असेल तर तोंड लपवायचं कशाला, आणि असं नाव बघून पत्ता टाइप करत बसतो तरी कोण. तुमचा मुलगा ऑनलाइन खेळतो आणि त्याच्या स्क्रीनवर असले पत्ते येतात म्हणून तुम्ही चिडलायत, आणि ती चीड मला शंभर टक्के पटते.

बेटिंगवाल्यांपासूनच सुरुवात करतो कारण ही जागा आम्हाला दिसली ती त्यांच्यामुळेच. काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेममधल्या बंदुकांच्या स्किन्स, म्हणजे वरची रंगीत सजावट, विकता येतात, बदलता येतात, मग त्या पैशासारख्या लावून जुगार खेळायच्या साइट्स निघाल्या, आणि त्यातल्या कितीतरी साइट्सची ऑफर अशी असायची की स्टीमवरच्या, म्हणजे हा गेम जिथून खेळतात त्या सेवेवरच्या, तुमच्या नावाला आमचा पत्ता जोडा आणि फुकट कॉइन्स घ्या. म्हणजे खेळणाऱ्या पोरांनाच जाहिरातीचा बोर्ड बनवलं, आणि त्याचा मोबदलाही काय तर पुढच्या डावाचे कॉइन्स, की पोरगं परत तिथेच यावं. 2016 च्या जुलैमध्ये काउंटर-स्ट्राइक आणि स्टीम चालवणाऱ्या वॉल्व कंपनीने अशा 23 साइट्सना कायदेशीर नोटीस पाठवली, पण नावात पत्ता टाकायची पद्धत त्यामुळे संपली नाही, तुमच्या मुलाच्या स्क्रीनवर जे दिसतंय ते त्यातलंच असणार.

आता आमच्यात आणि त्यांच्यात फरक काय म्हणाल तर आम्ही कोणाला नाव बदलायला पैसे देत नाही, कॉइन्स देत नाही, चॅटमध्ये लिंका टाकत नाही, अनोळखी माणसाला मेसेज करत नाही, बॉट तर नाहीच नाही. एक माणूस, त्याचं एक अकाउंट, त्याचं एक टोपणनाव, आणि तो खरंच तो गेम खेळतो. समोरच्याकडून काही घेतलं जात नाही, ईमेल नाही, क्लिक नाही, कुकी नाही, त्याने वाचलं आणि सोडून दिलं तर आम्हाला कळतसुद्धा नाही. माझ्या लेखी स्पॅम म्हणजे नको असलेल्या माणसाच्या दारात जाऊन पुन्हा पुन्हा तेच ओरडणं, आणि ते आम्ही करत नाही. हां, ज्या गेमच्या नियमात नावात जाहिरात चालत नाही असं स्पष्ट लिहिलंय तिथे आम्ही पत्ता टाकत नाही, आणि या बाबतीत मी कोणाशी वाद घालणार नाही, दुसऱ्याच्या मैदानावर खेळायचं तर त्याचे नियम पाळायलाच हवेत.

तसंही बऱ्याच ठिकाणी अख्खा पत्ता मावतच नाही. माइनक्राफ्टमध्ये 16 अक्षरं, त्यातही फक्त इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर, टिंब टाकताच येत नाही मग पत्ता लिहिणार कसा. रायट या कंपनीच्या गेम्समध्येही नावाला 16 च. म्हणून मी लेखात सुचवलं होतं की पत्त्याचा हट्ट सोडा, एखादा असा शब्द घडवा की जो सर्चमध्ये टाकल्यावर दुसरं काही येऊच नये, आणि तो शब्द साइटच्या पहिल्या पानावर मोठ्ठा लिहून ठेवा.

तोंड लपवण्याबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते मला सगळ्यात जास्त लागलं. आमच्या साइटवर लिहिणारे लोक कोण आहेत हो, ज्यांनी पगार घालवलाय, उधाऱ्या केल्यात, घरच्यांशी खोटं बोललेत आणि आता त्यातून बाहेर आलेत. यांचं नाव एकदा इंटरनेटवर 'जुगार' या शब्दाशेजारी आलं की नोकरी शोधताना, लग्न ठरताना, घर भाड्याने घेताना ते पहिल्यांदा समोर येणार, आणि अजून एक, ज्यांचे पैसे बुडवले ते वसुलीवाले त्यावरून त्यांना शोधू शकतात. यांना मी कुठल्या तोंडाने सांगू की धीट व्हा आणि फोटोसकट या? नाव झाकायला मिळतं म्हणूनच ते खरं लिहितात, किती हरलो ते लिहितात, कितव्यांदा परत गेलो ते लिहितात, आणि वाचणाऱ्याला उपयोग होतो तो त्याच खरेपणाचा. साइटवर विकायला काही नाही, देणगीचं बटण नाही, कोणाच्या दुसऱ्या साइटकडे नेणारी वाट नाही, तेव्हा नाव लपवून आम्ही कोणाचं काय लुबाडणार ते मला खरंच कळलं नाही.

पण निनावी राहणं वाटतं तेवढं सोपं नसतं, इथे तुमच्याही पेक्षा मी कडक आहे. स्टीमवर आधीची नावं प्रोफाइलमध्ये दिसतात, म्हणजे आज पत्ता टाकला आणि नंतर काढला तरी ती जुन्या नावांची यादी स्वतः पुसेपर्यंत माग राहतो, आणि फ्रेंडलिस्टमध्ये शाळेपासूनचे मित्र असतील तर निनावी कसलं, त्यापेक्षा वेगळं अकाउंट काढावं आणि तिथलं टोपणनाव दुसरीकडे कुठेही वापरू नये.

वायफायचं तर अजूनच अवघड. राउटर आपलं नाव साधारण सेकंदाला दहा वेळा हवेत सोडत असतो आणि त्याबरोबर स्वतःचा हार्डवेअरचा नंबरही, ज्याच्या सुरुवातीच्या भागावरून तो कुठल्या कंपनीचा आहे ते कळतं. नाव बदललं तरी तो नंबर सहसा तोच राहतो. विगल नावाची साइट 2001 पासून जगभरातली वायफायची नावं आणि ठिकाणं नकाशावर गोळा करतेय, त्यामुळे घरच्या राउटरला असं नाव देणारा माणूस निनावी नाहीये, त्याने एका अर्थी घरावर पाटीच लावलीय. म्हणून आम्ही फोनचा हॉटस्पॉट वापरा म्हणतो, तो माणसाबरोबर फिरतो, फक्त आधी त्याचं मूळ नाव तपासा कारण कितीतरी फोनवर तिथे मालकाचंच नाव असतं. आणि वायफायचं नाव 32 बाइटमध्येच बसवावं लागतं, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक मात्रेला तीन तीन बाइट लागतात, म्हणजे 'जुगारसोडा' एवढ्याला 27 गेले, झालं, पुढे एकच अक्षर मावेल.

कोणी चुकून आमच्या वायफायला जोडला गेला तर, असं तुम्ही विचारलंय. पासवर्ड असतोच आणि तो कोणालाही देत नाही, नाव फक्त वाचण्यापुरतं. 'फुकट', 'फ्री' हे शब्द आम्ही नावात कधीच घेत नाही, विंडोज एक्सपीच्या काळात 'फ्री पब्लिक वायफाय' नावाचं एक नेटवर्क असंच एका लॅपटॉपवरून दुसऱ्यावर पसरत गेलं होतं, त्यातून इंटरनेट काही मिळायचं नाही पण फ्री वाचून लोक जोडले जायचे आणि मग त्यांचाच लॅपटॉप तेच नाव पुढे सोडायला लागायचा. एखाद्या हॉटेलच्या किंवा स्टेशनच्या नेटवर्कसारखं दिसणारं नाव तर गुन्हेगारांचं काम आहे, त्याला माझा कायम विरोध राहील. आणि विमानात हे कोणीही करू नका, 2016 मध्ये एका प्रवाशाच्या हॉटस्पॉटचं नाव, जळणाऱ्या बॅटऱ्यांमुळे ज्यावर बंदी आली होती त्या गॅलेक्सी नोट 7 चं होतं, तेवढ्यावरून अख्ख्या विमानात गोंधळ झाला होता.

आता टाइप कोण करतं. थोडेच करतात, आणि आम्हाला थोडेच हवेत. गोळीबाराच्या गेममध्ये तुम्ही मेलात की मारणाऱ्याचं नाव स्क्रीनवर येतं आणि परत जिवंत होईपर्यंत करायला दुसरं काही नसतं, तेव्हा ते नाव वाचलं जातं. रात्री दोन वाजता हरून बसलेल्या ज्या माणसाला ते वाचायची गरज आहे त्याला बेटिंगची जाहिरात सगळीकडे दिसते, सोडायचा पत्ता कुठेच दिसत नाही. तो लिंक दाबून येत नाही, स्वतःच्या हाताने एकेक अक्षर टाइप करून येतो, म्हणजे यायचं ठरवूनच येतो.

लेख काढून टाका म्हणालात, तो मी काढणार नाही. पण मुलाच्या बाबतीत दोन गोष्टी आजच करता येतील. गेममध्ये खेळाडूच्या नावावरून तक्रार करायचा पर्याय बहुतेक ठिकाणी असतो, बेटिंगचा पत्ता दिसला की तो वापरा, आणि काही गेम्समध्ये इतरांची नावं झाकून त्याऐवजी साधी नावं दाखवायची सेटिंग असते, ती त्याच्याबरोबर बसून शोधा. त्यात आमचं नावही झाकलं जाईल, चालेल. आणि नावात पत्ता टाकला तर कॉइन्स मिळतील असं त्याला कोणी सांगितलंय का, तेवढं न रागावता विचारा.