ज्याचं जिथं अडलं, तिथं तो देतो

१ जूनला आमच्या दापोली तालुक्यातल्या हर्णै बंदरात होड्या शाकारल्या की इकडच्या कितीतरी घरांत रोख पैसा यायचा थांबतो. ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद. आंबा तोवर आटपलेला असतो, बागेतली मजुरी संपलेली असते. हातात जे काही उरलेलं असतं ते बियाण्यात, खतात आणि पावसाळ्याच्या बेगमीत जातं. आणि नेमकी त्याच जूनमध्ये शाळा सुरू होते. वह्या, गणवेश, छत्री, अकरावीची फी, एसटीचा पास, सगळं एकदम. मी या तालुक्यात एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. गेली नऊ वर्षं आमच्या गावच्या शिक्षण निधीची वही माझ्याकडे आहे. म्हणून अनुभवाने सांगते, तेच पाचशे रुपये इथे जूनमध्ये मिळतात आणि डिसेंबरमध्ये मिळतात, यात एखाद्या मुलाचं वर्ष वाचण्याचा किंवा बुडण्याचा फरक असतो.

पण आज लिहायचंय ते देणाऱ्यांबद्दल. लोक का देतात?

वही हातात आली तेव्हा मला वाटायचं, ज्यांना शिक्षणाने वर काढलं ते देतील. डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले साहेब. त्यातले काही देतातही, मनापासून देतात. पण वर्षानुवर्षं खंड न पडता जी नावं वहीत येतात, ती बहुतेक अशा माणसांची आहेत ज्यांची शाळा मध्येच तुटली.

एक आहेत परळला, कॅन्टीनमध्ये काम करतात. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, वडील गावी परत आले आणि यांची शाळा सातवीत सुटली. ते दर महिन्याला पाचशे रुपये मोबाईलवरून पाठवतात आणि खाली दोनच शब्द लिहितात, ‘परीक्षा फी’. दुसऱ्या कशाला वापरू का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, वापरा बाई, पण परीक्षेच्या फीसाठी कुणाचं नाव कमी होऊ देऊ नका. दुसरे आमचे रिक्षावाले दादा. लहानपणी त्यांना फळ्यावरचं दिसायचं नाही, आणि दिसत नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसले आणि एक दिवस उठून गेले. ते दर वर्षी दोन मुलांना चष्मे करून देतात. स्वतः रिक्षात घालून दापोलीला नेतात, नंबर काढून आणतात.

आणि तिसऱ्या आहेत त्या बंदरावरच्या काकी. लिलावात उभ्या राहिल्या की हिशोब तोंडावर, पण सही अंगठ्याची. दर वर्षी ३१ मे रोजी, बंदीच्या आदल्या दिवशी, दोन हजार रुपये कागदात गुंडाळून आणून देतात. चार वर्षं काही बोलल्या नाहीत. पाचव्या वर्षी ओटीवर बसल्या आणि सहज बोलल्यासारखं सांगितलं की लहानपणी धाकट्या भावाचं दप्तर त्या शाळेच्या पायरीपर्यंत नेऊन द्यायच्या आणि तिथूनच माघारी फिरायच्या. रोज. ‘पायरी चढलंय नाय कवा,’ म्हणाल्या.

त्या दिवसानंतर मी जवळजवळ प्रत्येक देणाऱ्याला विचारायला लागले, तुमचं कुठे अडलं होतं? उत्तर आणि देणगी बहुतेक वेळा एकाच जागी येतात. याला मी दया म्हणायला तयार नाही. दया वरून खाली बघते. हा माणूस आपल्याच जुन्या जागेवर परत जाऊन उभा राहतो. करात सवलत मिळते म्हणून लोक देतात, हेही मी खूप ऐकलंय. देणगीच्या साधारण निम्म्या रकमेची वजावट मिळते, दोन हजारांवर रोख दिलेलं धरत नाहीत, हे सगळं खरं. पण आमच्या वहीतल्या निम्म्यांचं उत्पन्न कराच्या वाटेलाही जात नाही.

हर्णैच्या शेजारच्या मुरूडचे धोंडो केशव कर्वे आठवा. सहावीच्या सरकारी परीक्षेसाठी सह्याद्री चढून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि तिथे त्यांना सांगण्यात आलं की तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. परत फिरा. हाच माणूस पुढे आयुष्यभर दारोदार वर्गणी मागत हिंडला, आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी पुन्हा नव्याने मंडळ काढून बसला. त्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये दिले आणि नाव लावलं ते आईचं, नाथीबाईंचं. मंडणगडातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीरावांची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते कोलंबियाला जाऊ शकले. १९२४ मध्ये त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि सभेने पुढच्याच वर्षी सोलापुरात विद्यार्थ्यांचं वसतिगृह काढलं. मला त्यात फार मोठी समज दिसते. आमच्याकडे गरीब विद्यार्थ्याला वार लावून जेवू घालायची जुनी रीत होती, तिचं कौतुक मीही लहानपणी ऐकलंय. पण ती दारं ठरावीक जातींच्या मुलांनाच उघडी होती. ज्यांना कुणी उंबऱ्यात घेत नव्हतं, त्यांचं अडत होतं ते राहायच्या जागेवर. म्हणून वसतिगृह.

आता जरा कडू बोलते. आपण वह्या फार वाटतो. जूनमध्ये गावच्या मुंबईकरांचं मंडळ वह्या आणतं, पुढारी आणतात, क्लब आणतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडे एका वर्षी चाळीस वह्या होत्या आणि बारावीनंतर कॉलेजला जायला गाडीभाडं नव्हतं. दहावीच्या निकालात कोकण विभाग दर वर्षी राज्यात पहिला येतो, आपण पेढे वाटतो. पुढच्या जूनमध्ये त्यातली किती पोरं घरी असतात हे वाडीवर जाऊन बघा. मुलींना बारावीपर्यंत एसटी फुकट आहे, मुलांना पासात दोन तृतीयांश सवलत आहे, या योजना चांगल्याच आहेत. पण शेवटची गाडी थांब्यावर सोडते आणि धनगरवाडा तिथून दीड तास वर डोंगरात. पावसात, अंधारात पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीने ती वाट रोज चढायची, आणि आपण तिला अजून एक डझन वह्या देणार.

एकदा एका संस्थेचे लोक शाळेत आले होते. मुलांना दोन तास उन्हात उभं करून दप्तरं वाटली, फोटो काढले, मागच्या फलकावर लिहिलं होतं ‘गरीब व निराधार विद्यार्थी’. दुसऱ्या दिवशी नववीतला एक मुलगा दप्तर घेऊन माझ्याकडे आला, टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, ‘बाई, माझे वडील आहेत.’ मला त्याला उत्तर देता आलं नाही. आमच्या निधीत त्या दिवसापासून घेणाऱ्या मुलाचा फोटो निघत नाही आणि नाव वहीबाहेर जात नाही. यामुळे काही देणगीदार गेले. जाऊ देत.

सगळ्यात अवघड आहे कातकरवाडीचं. पाऊस संपता संपता मुकादम उचल देऊन जातो, दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्टीवर निघतात आणि मुलं बरोबर जातात ती पावसाच्या तोंडावर परत येतात. चौदा वर्षांपर्यंत शिक्षणाचा हक्क कायद्यात आहे, शाळाही आहे, पण मूल गावातच नाही. तीन वर्षांपूर्वी आम्ही ठरवलं की ज्या घरात आजी मागे राहते तिला ते सहा-सात महिने तांदूळ, डाळ, तेल पुरवायचं आणि नातवंडांना तिच्याजवळ ठेवायचं. तीन आज्या, पाच मुलं. यासाठी पैसे मागायला गेले तर लोक म्हणत, तांदळाला शिक्षण कसं म्हणायचं? पहिले तीनशे रुपये आणून दिले ते त्याच वाडीतल्या एका तरुणाने. तो आता वनखात्यात रोजंदारीवर आहे. लहानपणी भट्टीवर विटा पलटताना त्याची तिसरी आणि चौथी, दोन्ही गेल्या होत्या.

गेल्या वर्षी पैसे कमी पडले, म्हणून मी काकींचे दोन हजार तांदळाला घातले. त्यांनी दिले होते अकरावी-बारावीच्या मुलीसाठी. मनाला लागून राहिलं होतं. या ३१ मेला त्या आल्या तेव्हा पुडकं घ्यायच्या आधी मी सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, ‘पोर शाळंत गेली ना?’ गेली म्हटलं, सातवीत आहे. थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘पन नुसता भात कशासंगती खाल्लान त्यांनी?’

संध्याकाळी नातवाबरोबर दोन किलो सुकट पाठवून दिलं. तेही मी वहीत लिहिलंय.