पावणं, काय हरवलंय?

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याकडे लोक कौतुकाने बघतात. वाघाचे काढणाऱ्याला तर शाळेत प्रमुख पाहुणा म्हणून बोलावतात. बेडकांचे फोटो काढणारा दिसला, की मोटारसायकलचा वेग कमी होतो, एक पाय खाली टेकतो आणि प्रश्न येतो, "पावणं, काय हरवलंय?"

प्रश्न रास्त आहे. रात्रीचे साडेनऊ, साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट, कोसळणारा पाऊस आणि रस्त्याकडेच्या गटारावर ओणवा झालेला रेनकोटवाला. माणूस दुसरं काय करत असणार? यावर "बेडूक बघतोय" हे खरं उत्तर कधी देऊ नये. दिलं तर, "आवं मग आमच्या परड्यात चला की, लई हायती," असं आमंत्रण येतं. ते खरंही असतं, आणि लागतं ते तिथेच.

बेडूक हा बसलेला प्राणी, तेव्हा त्याचा फोटो म्हणजे पासपोर्ट साइझइतकं सोपं काम, अशी एक समजूत आहे. बेडूक बसलेला असतो हे खरं. उड्या आपल्याला माराव्या लागतात.

पहिल्या दमदार पावसानंतरच्या दोन-तीन रात्री सगळ्यात चांगल्या. अंधार पडल्यापासून अकरापर्यंत डबक्यांमध्ये नुसता गोंधळ असतो, आणि तो लांबून गाडीतही ऐकू येतो. आपण काठावर पोचलो की तो बटण दाबल्यासारखा थांबतो. पावलांचा हादरा जमिनीतून बेडकाला आपल्याआधी पोचलेला असतो. अशा वेळी टॉर्च विझवायचा आणि सात-आठ मिनिटं पुतळा व्हायचं. मग एखादा धीट गडी सुरुवात करतो, त्याला दुसरा उत्तर देतो आणि मैफल परत रंगते. ही सात-आठ मिनिटं घड्याळात तेवढीच असली, तरी डासांच्या हिशेबात दोन पिढ्यांची सोय होते. डास पळवणारं मलम हाताला लावायची चोरी, कारण बेडूक कातडीनेच पाणी पितो आणि बराचसा श्वासही घेतो. आपल्या बोटावरचं मलम, साबण, तंबाखू, घामातलं मीठ सगळं त्याच्या अंगात जातं. म्हणून लांब बाह्यांचा शर्ट घालायचा, हात खिशात ठेवायचे, आणि बेडूक उचलून 'जरा चांगल्या पानावर' ठेवायचा मोह आवरायचा. उचललेला भेक, म्हणजे खरखरीत कातडीचा जाडा बेडूक, तसाही हातावर मुततो. त्याने चामखीळ येत नाही, ती माणसाच्या विषाणूमुळे येते. पण डोळ्यांमागच्या दोन फुगीर ग्रंथींमध्ये त्याचं विष असतं आणि तोच हात आपण थोड्या वेळाने डोळ्याला लावतो.

कोयनेच्या बाजूला गेलात तर जळवा. गमबूट गुडघ्यापर्यंतचे घ्या. आखूड घेतले तर जळू वरून आत उतरते आणि बूट तिचा फ्लॅट होतो. लागलीच तर नख आडवं सरकवून सोडवायची. गावाकडचा उपाय मीठ-तंबाखूचा आहे आणि तो चालतो, पण डबक्यापासून लांब. बेडकाच्या घरात मीठ टाकून त्याचेच फोटो काढणं बरं दिसत नाही.

आता झुडपातला बेडूक. हा प्रकार ज्याने शोधून काढला नाही, त्याला अपमान म्हणजे काय ते पुरतं कळलेलं नाही. कास-बामणोली रस्त्याला कारवीच्या झुडपांतून 'टिक टिक टिक टिक' असा आवाज येत असतो, जुन्या टाइपरायटरवर कुणी एकच अक्षर बडवत असल्यासारखा. आवाज समोरून येतो म्हणून समोर जावं, तर तो डावीकडून येतो. मालक लांबीला जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर. एकट्याने शोधण्यात अर्थ नसतो. दोघांनी पाच-सहा पावलांचं अंतर सोडून उभं राहायचं, डोळे मिटून ऐकायचं, आवाज येतोय असं वाटेल त्या दिशेला दोघांनी टॉर्च रोखायचा आणि एकदमच लावायचा. दोन झोत जिथे एकमेकांना छेदतात, तिथलं पान पाहायचं. तो तिथेच असतो, इतका वेळ आपल्या नाकासमोर बसलेला.

आणि सापडला की कष्ट विसरायला होतात. कारवीच्या पानावर, पुढचे पाय रोवून, मान वर करून बसलेला हा अंगठ्याच्या पेराएवढा प्राणी गळ्याखाली स्वतःच्या डोक्याहून मोठा फुगा फुगवतो. फुगा इतका पातळ, की मागून टॉर्च धरला तर त्यातल्या शिरा दिसतात. प्रत्येक 'टिक'ला अंग थरथरतं, पान थरथरतं आणि पानाच्या टोकाला लोंबणारा थेंब एकदाचा पडतो. याच्यात आणि याच्या सख्ख्या भाऊबंदांत बेडूकमासे नाहीत, अंड्यातून थेट चार पायांची पिल्लं बाहेर पडतात. महाराष्ट्रातल्या अशा एका जातीला २०१३ साली पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ हेमंत घाटे यांचं नाव मिळालं, राओर्चेस्टेस घाटेई. बेडकापेक्षा नाव लांब.

फुगा पूर्ण फुगलेला असताना फोटो हवा, तर धडाधड बटण दाबून उपयोग नाही, कारण फ्लॅशला परत भरायला वेळ लागतो. पहिला फोटो उजेडात येतो, पुढचे सहा अंधारात. त्यापेक्षा ताल मोजायचा. दोन 'टिक' सोडून तिसऱ्याच्या किंचित आधी दाबायचं. तबल्याची दोन वर्षं झालेली असतील तर ती इथे कामाला येतात.

फ्लॅश हा स्वतंत्र अध्याय आहे. बेडूक ओला असतो, त्याच्या अंगावरचा प्रत्येक थेंब आरसा असतो आणि उघडा फ्लॅश मारला की बेडकाला देवीचे फोड आल्यासारखा फोटो येतो. प्रकाशाचा उगम जेवढा मोठा आणि जवळ, तेवढी चमक मऊ होते. महागडा डिफ्यूझर (फ्लॅशचा उजेड मऊ करणारा पडदा) न घेता बटर पेपरचे दोन थर वहीच्या पानाएवढ्या चौकटीत ताणून फ्लॅशपुढे लावले, आणि फ्लॅश लेन्सच्या टोकाजवळ वरून थोडा खाली झुकवला, की काम होतं. फक्त बटर पेपर भिजू द्यायचा नाही, म्हणजे पावसाळ्यात हा उपाय साधारण चाळीस मिनिटं टिकतो. पाऊस चालू असेल तर लेन्स आणि बेडूक यांच्यामधले थेंब पांढरे गोळे होऊन फोटोत उतरतात. त्यासाठी छत्री लागते आणि छत्रीसाठी माणूस. सोबतचा माणूस याच कामाचा: छत्री धरणं, बाजूने टॉर्च धरणं आणि "पावणं, काय हरवलंय?"ला उत्तर देणं. तिसऱ्या खेपेनंतर तो यायचं बंद करतो.

मॅन्युअलवर एफ ११ (लेन्सच्या भोकाचं माप, आकडा मोठा तेवढं भोक बारीक), शटर १/२०० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) २०० ते ४००, फ्लॅश १/१६ ताकदीवर, इथून सुरुवात करावी. मागचं सगळं काळंकुट्ट येतं आणि बेडूक अवकाशात तरंगतोय असं वाटतं. पानं-दगड दिसायला हवे असतील तर शटर १/६० वर आणा, आयएसओ ८०० करा आणि श्वास रोखा. १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्सने एकास एक मोठेपणा घेतला, म्हणजे कॅमेऱ्याच्या सेन्सरवर बेडूक खऱ्या मापाचा उमटवला, तर लेन्सचं तोंड आणि बेडूक यांच्यात वीतभरही अंतर उरत नाही, आणि एफ ११ला स्पष्ट दिसणारी जाडी असते साधारण दीड मिलिमीटर. त्यात डोळा बसवायचा. आपण श्वास घेतला की डोळा जातो, नाक येतं. एफ २२ केलं तर सगळंच येईल, असा हिशेब करू नका. भोक फार बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि सगळा फोटो सारखाच मऊ होतो. त्यापेक्षा बेडकाला बाजूने, कॅमेरा त्याच्या अंगाशी समांतर ठेवून घ्यावा. आणि त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावं, म्हणजे चिखलात पोटावर झोपावं. उभ्याने काढलेला बेडूक शेणाच्या गोळ्यासारखा दिसतो.

डोळ्यासाठी एवढा खटाटोप का, तर बेडकाचं सगळं सौंदर्य तिथे आहे. घराच्या पायरीवरच्या भेकाला जवळून बघा: सोन्याची धूळ सांडल्यासारखं बुबुळ आणि मधे आडवी काळी फट. ओढ्यातल्या रात्रबेडकाच्या डोळ्यात तीच फट शंकरपाळ्याच्या आकाराची असते. त्यातल्या एका जातीचं वर्णन १९५५ साली महाबळेश्वरच्या नमुन्यांवरून झालं. तिची अंडी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर असतात, तेव्हा फोटोसाठी मधे येणारी फांदी मोडायची नाही. बेडूक घास गिळताना डोळे आत ओढून त्यांनीच घास घशाकडे ढकलतो. नेमक्या त्याच क्षणी बटण दाबलं जातं आणि मिटल्या डोळ्यांचा बेडूक मिळतो, समाधी लागलेला.

मोबाइलवाल्यांसाठी एवढंच: 'मॅक्रो' लावून तीन सेंटिमीटरवर नेऊ नका, बेडकाला ते मान्य नसतं. दोनपट-तीनपट झूम करून वीतभर लांबून घ्या, बोट दाबून फोकस कुलूपबंद करा, उजेड थोडा खाली ओढा. पिवळ्या बेडकाला तर हा उजेड हमखास कमी करावा लागतो. तळ्यातला तो मोठा बेडूक विणीच्या दिवसांत अंगभर हळद लागल्यासारखा होतो, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे येतात आणि दिवसाढवळ्या मुंडावळ्या सुटेपर्यंत भांडतो. कॅमेऱ्याला एवढा पिवळा झेपत नाही. याच्या तंगड्या परदेशी जायच्या, सरकारने १९८७ साली ती निर्यात बंद केली.

एसी लावून घाटात आलात आणि कॅमेरा बाहेर काढला की लेन्सवर धुकं. शेवटची वीस मिनिटं एसी बंद ठेवा आणि कॅमेऱ्याची पिशवी उघडी ठेवा. रुमालाने पुसू नका, नुसतं थांबा. चष्मेवाल्यांनी दुसरा छंद बघावा. घरी आल्यावर कॅमेरा तांदळाच्या डब्यात पुरणारे लोक आहेत. त्यांच्या लेन्समध्ये पीठ जातं आणि त्या तांदळाचा भातही खाववत नाही. झाकण घट्ट बसणारा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या घ्या, नाहीतर सप्टेंबरात लेन्सच्या आत बुरशीची रांगोळी उमटते.

जिथे बेडूक तिथे साप, हे विसरून चालत नाही. चिखलात पोटावर आडवं होण्याआधी जागा टॉर्चने नीट बघा. बांधावर घोणस असते, मण्यार रात्रीची फिरते, आणि ओढ्याकाठच्या फांदीवर, बरोबर आपल्या डोळ्यांच्या उंचीला, हिरवा चापडा असतो. तोही बेडकासाठीच आलेला, त्याला फक्त फ्लॅश लागत नाही. काठी आपटत गेलं तर साप जातात, पण बेडूकही जातात. यातून मार्ग काढल्याचं अजून कुणी सांगितलेलं नाही.

अभयारण्यात रात्री शिरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. कोयना आणि चांदोली मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे. कोयनेचा तो अंगावर पिवळे-तांबडे डाग मिरवणारा भेक, सोमण यांनी १९६३ साली जगापुढे आणलेला, बघायचाच असेल तर वन खात्याची रीतसर परवानगी घ्या. नाहीतर रस्ते, बांध, परडी आहेतच. दुष्काळी भागालाही हसू नका. माण, आटपाडी, जतकडे जमिनीत राहणारे बेडूक आहेत. मागच्या पायाला खुरप्यासारखी गाठ असते, तिने ते उलटे खणत, पाठीकडून जमिनीत उतरतात आणि वर्षाचा बराच काळ तिथेच काढतात. पहिल्या पावसाच्या रात्री वर येतात आणि फार दिवस थांबत नाहीत. ती रात्र हुकली की पुढचं आमंत्रण पुढच्या वर्षी.

"घरामागे सॅलॅमँडर सापडला!" असा फोटो दर पावसाळ्यात एक तरी येतो. सॅलॅमँडर म्हणजे पालीसारखा दिसणारा, पण बेडकाचा दूरचा भाऊबंद. सह्याद्रीत तो नाही. आपल्या देशात तो दार्जिलिंग-सिक्कीम आणि ईशान्येकडच्या डोंगरांत असतो. अंगावर खवले आणि बोटांना नख्या असतील तर ती सापसुरळी किंवा पाल. सॅलॅमँडरची कातडी बिनखवल्यांची आणि बोटं बिननख्यांची. त्याच्याऐवजी आपल्याकडे देवगांडूळ आहे, तोही बेडकाचाच दूरचा भाऊबंद. पाय नाहीत, अंगावर वळी, म्हणून लोक गांडूळ समजून गळाला लावायला बघतात, आणि मग तो जबडा उघडतो. त्याची एक जात २००४ साली कोयनेजवळच्या हुंबरळीतूनच नोंदली गेली. ओला दगड उलटून तो शोधायचा असेल तर दगड आपल्याकडे ओढून उचला, म्हणजे खाली साप असला तर मधे दगड राहतो, आणि पुन्हा होता तसाच ठेवा.

सरावाला मात्र घरच्या न्हाणीतला झाडबेडूक उत्तम. गिझरच्या पाइपवर दिवसभर पाय पोटाशी घेऊन बसतो आणि हलत नाही. ट्यूबलाइटमुळे फोटोत आडवे पट्टे आले तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. अडचण एकच, बाहेर अंघोळीला रांग लागलेली असते.

एवढं सगळं करून दोनशे फोटो जमतात. त्यातले बारा बरे, चार चांगले. एकात डोळा असा आलाय की त्यात आपला फ्लॅश, छत्री आणि छत्रीवाल्याचा वैतागलेला चेहराही दिसतो. तो फोटो आपण मोठ्या अभिमानाने जाणकाराला पाठवतो आणि जात विचारतो. दोन तासांनी उत्तर येतं: "फार सुंदर. पण भाताच्या खाचरातले हे छोटे बेडूक चेहऱ्यावरून ओळखता येत नाहीत. आवाज रेकॉर्ड केलाय का? आणि मागच्या पायाच्या बोटांमधला पडदा दिसेल असा एखादा आहे का?"

दोनशेच्या दोनशे चेहऱ्याचे आहेत. गमबूट अजून वाळलेले नाहीत.