दादरला भेटू

मुंबईकर 'दादरला भेटू' एवढंच म्हणतो आणि फोन ठेवून देतो. जणू दादर म्हणजे याच्या घरची गॅलरी! अहो, पूर्वेला की पश्चिमेला? प्लाझाकडे की स्वामिनारायण मंदिराकडे? विचारलं की उत्तर ठरलेलं. "तू ये तर, फोन कर."

त्यातही 'ब्रिजवर ये' म्हणणारे माझ्या खास डोक्यात जातात. कुठल्या ब्रिजवर?

पूर्वी दादरला एक नंबरचे प्लॅटफॉर्म दोन होते, एक वेस्टर्नचा, एक सेंट्रलचा. हा घोळ मिटवायला रेल्वेने डिसेंबर २०२३मध्ये सेंट्रलचे नंबर आठपासून पुढे सुरू केले. रेल्वे सुधारली, आमचे भाऊजी नाही. ते आजही 'एक नंबरला उभा आहे' असं छातीठोक सांगतात आणि सापडतात आठ नंबरला. मामींचं त्यामानाने बरं. त्या दादर टी.टी.ला बोलावतात. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईतली ट्राम ३१ मार्च १९६४ला बंद झाली, पण मामी सांगतील त्या कोपऱ्यावर, सांगतील त्या वेळेला, पिशवीसकट हजर असतात.

जागेचं हे असं, तर वेळेची गोष्टच सोडा. भाऊजी डोंबिवलीचे. 'निघालोय' म्हणतात तेव्हा मागे बादलीत नळ सोडल्याचा आवाज येत असतो. पुढचा टप्पा 'पोचतोच'. त्यानंतर 'गाडी सिग्नलला थांबलीये, दादर आलंच'. यावर काही बोलताही येत नाही, कारण माटुंग्यानंतर गाडी खरंच रेंगाळते. परवा मात्र गंमत झाली. भाऊजींचं 'आलंच' पुरतं तोंडाबाहेर पडायच्या आत डब्यातली बाई बोलली, "पुढील स्टेशन मुलुंड." मग हिंदीत मुलुंड. मग इंग्रजीत. भाऊजी तिन्ही वेळा खोकले.

"मुलुंड ऐकलं मी," मी म्हणालो.

"ती रेकॉर्डिंग बिघडलीये रे. रोजचंच आहे."

अर्ध्या तासाने आले. कपाळावर आठ्या, हातात अर्धा खाल्लेला वडापाव.

"कुठे होतास? केव्हाचा शोधतोय! एका जागी उभं राहता येत नाही का तुला?" मग उरलेला घास तोंडात टाकून म्हणाले, "दादरला फार गर्दी असते बुवा. पुढच्या वेळी कुर्ल्याला भेटू."

"कुर्ल्याला कुठे?"

"तू ये तर."