दीड लिटर वाफ

बेळगावात राहून कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली इथली मिठाई, घरी करणं म्हणजे मिठागराशेजारी राहून गच्चीवर मीठ पिकवणं. दुकानात जावं, अर्धा किलो तोलून घ्यावा, पिशवी हलवत यावं. पण पुण्या-कोल्हापूरचे पाहुणे येणार म्हटलं की ‘घरचा’ कुंदा खायला घालायची हुक्की येतेच. मग दोन लिटर म्हशीचं दूध, जाड बुडाची रुंद कढई, लाकडी उलथनं आणि एक निकामी करायचा खांदा, एवढं साहित्य जमवायचं.

हिशेब आधीच सांगून ठेवतो. म्हशीच्या दुधात शेकडा ८३ च्या आसपास पाणीच असतं. दोन लिटरमधलं दीडेक लिटर पाणी कढईतून हाकलायचं, हाच कुंद्याचा मुख्य कार्यक्रम. पण पाणी हे पोटभाडेकरूसारखं आहे, फुकट घर सोडत नाही. एक ग्रॅम उकळतं पाणी वाफ व्हायला सुमारे ५४० कॅलरी मागतं. तेवढाच बर्फ ८० कॅलरींत वितळतो. दीड लिटरला झाल्या ८,१०,००० कॅलरी. (या पदार्थविज्ञानातल्या. खाण्यातली एक कॅलरी म्हणजे यांच्या हजार. कुंदा खाताना त्या मोजू नयेत.) दूध उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, तिच्या सहापट उकळीनंतर लागते. तेव्हा उकळी आली म्हणून ‘झालंच की आता’ असं फोनवर कुणाला सांगू नका. गॅस कितीही इमानदार असला तरी तास-सव्वा तास कुठे जात नाही.

या एवढ्या उष्णतेत पारा जवळजवळ जागचा हलत नाही, ही खरी चीड आणणारी गोष्ट. सगळी ताकद रेणूंची एकमेकांवरची पकड सोडवण्यात जाते. आणि तो पारा शंभरावरही नसतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर. हवेचा दाब कमी, म्हणून इथलं पाणी साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. परीक्षेत तसं लिहिलं तर मार्क जातील, ही गोष्ट वेगळी.

पावसाळ्यात कुंदा आटायला वेळ लागतो, असं सांगणारी एक तरी आक्का प्रत्येक गल्लीत असते. तिच्या वयाचा मान राखून सांगतो, तसं नाही. खदखदत्या दुधाला बाहेरच्या ओलाव्याचं सोयरसुतक नसतं. ते दोरीवरच्या कपड्यांना असतं, कारण ते न उकळता वाळतात. जुलैतली आपली हवा आधीच पाण्याने तुडुंब. तिथे टॉवेलच्या पाण्याला जागा कोण देणार? कढईची वाफ मात्र दणक्यात निघते आणि गार भिंतीवर, खिडकीच्या काचेवर पुन्हा पाणी होऊन बसते. आपल्याला दिसतो तो पांढरा धूर खरं तर पाण्याच्या बारीक थेंबांचा. खरी वाफ दिसतच नाही. ती हाताला लागली की कळते, कारण पुन्हा पाणी होताना घेतलेल्या ५४० कॅलरी ती मनगटावर चुकत्या करते.

दूध निम्मं आटलं की चार चमचे आंबट दही घालायचं. आंबटपणाने दुधातली प्रथिनं एकत्र येतात आणि रवा पडतो. आधीच घातलं तर पनीरचे गोळे होतात. जास्त घातलं तर चव बिघडते, आणि पाहुणे ‘छान झालाय’ म्हणतात.

आता दुसरी कढई. चार चमचे साखर कोरडीच, मंद आचेवर. साखर बर्फासारखी सरळपणे वितळत नाही, वितळता वितळता तिचं विघटनही सुरू होतं. १७० अंशांच्या पुढेमागे मधाचा रंग आला की लगेच उतरवायची. अर्धं मिनिट उशीर झाला तर कुंदा कडू. आणि हा पाक तसाच दुधात ओतू नये, कृपा करून. १७० अंशांच्या पाकाला ९७ वर उकळणारं पाणी भेटलं की त्याची तत्क्षणी वाफ होते, आणि वाफ पाण्याच्या सोळाशे-सतराशे पट जागा मागते. आपल्याकडे दाब कमी म्हणून जरा जास्तच. एवढी जागा कढईत नसते, ओट्यावर आणि चेहऱ्यावर असते. म्हणून गॅस बंद करून, तोंड बाजूला ठेवून, पाकात दोन-दोन चमचे गरम दूध सोडायचं. पाक घट्ट होऊन काचेसारखे खडे झाले तर घाबरू नका. ढवळत राहिलं की विरघळतात.

मग हा पाक आटत्या दुधात, आणि त्यावर उरलेली दीडशे ग्रॅम साखर. आता खरी परीक्षा: तासभर आटवून घट्ट केलेला ऐवज साखर पडताच पुन्हा पातळ! साखर उरल्यासुरल्या पाण्यात विरघळते आणि सगळ्यालाच सैल करते. इथे पुष्कळ जण हात टेकतात. टेकू नयेत, ढवळत राहावं, कारण शेवटची दहा मिनिटं कढई डोळा ठेवून असते. पातळ दूध खालून तापलं की वर जातं, गार खाली येतं. घट्ट झाल्यावर ही ये-जा थांबते. बुडाचा थर तिथेच बसतो, पाणी संपतं आणि मग त्याला ९७ वर धरून ठेवणारं कोणीच उरत नाही. लागला म्हणतात तो असा.

कडा सुटू लागल्या, पण मधोमध अजून थोडं ढिलं आहे, अशा वेळी वेलदोडा घालून गॅस बंद. गरम असताना सैलच बरा. गार झाल्यावर त्यातलं तूप थिजतं आणि कुंदा धरतो. कढईतच घट्ट केलात तर सकाळी वाटीत शहाबादी फरशी मिळते.

पाहुण्यांचं झालं. राहिली कढई. बुडाला चिकटलेली खरवड घासून निघत नाही, भिजवावीच लागते. तीत पाणी घालून ठेवा. दीड लिटर पुरतं.