खानदानी दळण

परवा एका अनोळखी बाईंनी मला भर रस्त्यात दळणाचा डबा डोक्यावर घ्यायला लावला. त्यांनी लावला ते एक वेळ ठीक, पण मी घेतला, हे काही केल्या पचत नाही.

झालं ते एवढंच. छत्रपती संभाजीनगरातल्या, म्हणजे जुन्या औरंगाबादेतल्या आमच्या बेगमपुऱ्यातल्या गिरणीचा पट्टा तुटला, त्यात स्कूटर पंक्चर. म्हणून दहा किलो ज्वारीचा डबा खांद्यावर टाकून मी पलीकडच्या गिरणीकडे निघालो आणि पाणचक्कीसमोर, म्हणजे पाण्यावर चालणाऱ्या जुन्या ऐतिहासिक गिरणीसमोर, दम खायला थांबलो. चूक तिथंच झाली. पाणचक्कीसमोर डबा घेऊन उभा राहिलेला माणूस हा माणूस राहत नाही, प्रेक्षणीय स्थळ होतो.

गॉगलवाल्या बाई मोबाईल रोखून जवळ आल्या. "काका, हे इथंच दळता का हो?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारच्या कठड्यावरून उत्तर आलं, "तो क्या! खानदानी आहेत ते, मॅडम."

कठड्यावर एक गृहस्थ भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातल्या एकाला टोपण नाही, आणि टोपण नसलेल्या पेनाची शाई खिशावर उतरून तिथं खाम नदीचा नकाशा तयार झालेला. मी त्यांना जन्मात पाहिलं नव्हतं.

"खानदानी म्हणजे?"

"चारशे वर्षं झाली, यांच्या घरात दुसरीकडचं पीठच चालत नाही. यांचे पणजोबा खुद्द मलिक अंबरचं दळण आणायचे."

आता माझे पणजोबा परभणीकडचे. आम्ही इथं आलो ते वडिलांची बदली झाली म्हणून. पण खरं सांगतो, मला राग आला तो पणजोबांवरून नाही, सनावळीवरून. मलिक अंबरनं हे शहर वसवलं १६१० साली आणि तो गेला १६२६ ला. पाणचक्की त्याच्या कितीतरी नंतरची. मी तसं सांगायला लागलो, तर गृहस्थ बाईंना हळूच म्हणाले, "लाजतात."

"आणि पिठाला चव वेगळी लागते?"

"चव? मॅडम, पाण्यावरचं पीठ आहे. तव्यावर टाकायच्या आधीच भाकरी फुगते."

बाईंनी हे सगळं व्हिडिओत घेतलं. मग म्हणाल्या, "काका, डबा डोक्यावर घ्या ना. पूर्वी असाच नेत असतील."

"अस्साच!" गृहस्थांनी शेंग फोडली. "मॅडमला सगळं माहितीये."

मी घेतला. का घेतला, ते मला विचारू नका. झाकण सरकलं आणि मूठभर ज्वारी कॉलरमधून थेट कमरेपर्यंत गेली. बाई खूश झाल्या. जाताना पर्समधून वीस रुपये काढले आणि ते दिले त्या गृहस्थांना. माहितीबद्दल.

ऐतिहासिक वस्तीत राहायची हौस ज्यांना आहे त्यांनी आमचे पाहुणे आठ दिवस सांभाळून बघावेत. बीबी का मकबरा मी इतक्यांदा दाखवलाय की तो जिच्यासाठी बांधला त्या औरंगजेबाच्या बेगमेच्या, दिलरस बानूच्या माहेरचा वाटायला लागलोय. आग्र्याला जाऊन आलेला पाहुणा नाक मुरडून म्हणतो, "ताजची सर नाही." अहो, मुलानं आईसाठी बांधला, बापानं हात आखडता घेतला. ६,६८,२०३ रुपये ७ आण्यांत अजून काय येणार? तरी अपमान माझाच झाल्यासारखा वाटतो आणि चहात साखर जास्त पडते.

पण त्या बाईंना जे विचारायला हवं होतं ते त्यांनी विचारलंच नाही. कैक किलोमीटरवरच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून इथवर आणलं. मोटर नाही, वीज नाही, नुसता उतार. वरून पडणाऱ्या पाण्यानं जातं फिरायचं आणि फकिरांना, वाटसरूंना पीठ मिळायचं. हौदाखाली दालन आहे, हौदाचा तळ हेच त्याचं छत, मे महिन्यातही गार. आणि या हौदापासून हाकेच्या अंतरावर माझ्या घरात सहा बादल्या, दोन ड्रम आणि एक जुना कुकर पाण्याची वाट बघत बसलेत. जायकवाडीसारखं धरण उशाला, तरी नळाला पाणी कधी येणार हे गल्लीतल्या पोरांना शाळेच्या वेळापत्रकापेक्षा पक्कं पाठ. मध्यरात्री आलं तर मध्यरात्री उठायचं. लग्नाची तारीखसुद्धा आमच्याकडे आधी नळाला विचारतात, मग गुरुजींना. खामेला तर पाहुणे नाला म्हणतात. काठावर झाडं लावली, भिंती रंगवल्या, वास तेवढा कुणाला रंगवता आला नाही. ही नदी आहे, असं मी सांगतो तेव्हा मीही लाजतो म्हणे.

असो. महमूद दरवाज्यात एक रिक्षा आणि एक टेम्पो समोरासमोर शिंगं लावून उभे होते, त्यांच्या मधून डबा आडवा करून निघालो. गिरणीत माझ्या आधी अकरा डबे. परतताना पीठ गरम, खांदा दुखलेला, कमरेत ज्वारी टोचतेय.

गृहस्थ तिथंच. शेंगा संपल्या होत्या, आता चहा चालू होता. वीस रुपयांतलाच असणार.

"मालक," त्यांनी जवळ बोलावलं, "उद्या रविवार. पब्लिक लई येतं. हा स्टीलचा डबा काही शोभत नाही बघा. पितळेचा असला घरी तर आणा. अर्धे-अर्धे."

आजीचा पितळेचा डबा माळ्यावर आहे. मी बोललो नाही.